मातीच्या पेल्यांवरची बखर

लिहिलेले टिकावे म्हणून माणसाने कोण खटपट केली आहे! आपल्याकडे राजांनी ताम्रपटांवर दाने कोरून दिली, नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांत दात्यांनी आपली नावे दगडात खोदून घेतली, आणि ज्यांना तांबे व दगड परवडत नव्हते त्यांनी पोथ्या रुमालात बांधून माळ्यावर जपल्या. मातीच्या भांड्यावर विसंबून राहावे असे मात्र सहसा कोणाच्या मनात आले नाही. माती ती माती. आज घडावी, उद्या फुटावी. सुगड संक्रांतीपुरते, पणती दिवाळीपुरती. अशा मातीने एका संपूर्ण लोकसमूहाचे दप्तर सांभाळावे, आणि दगडी शिलालेखांनी जे सांगितले नाही ते एखाद्या पेल्याने सांगावे, ही हकीगत मोठी नवलाची आहे. सणाच्या दिवसांत घरोघर भांडी घासूनपुसून मांडली जातात, तेव्हा ती सांगण्यास ही वेळही बरी आहे.

ही हकीगत अमेरिका खंडातील माया लोकांची. नावाने फसू नये. आपल्याकडील काही उत्साही लेखकांनी त्यांचे नाते महाभारतातल्या मयासुराशी जोडले आहे. परंतु नावातील दोन अक्षरे जुळली एवढ्याने गोत्र जुळत नाही. माया लोक त्या भूमीचेच. आजचा ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरासचा पश्चिम भाग आणि मेक्सिकोचा आग्नेय कोपरा हा त्यांचा मुलूख. त्यांचे वंशज आजही तेथे लाखोंनी नांदतात आणि माया कुळातील भाषा बोलतात. इसवी सन २५० ते ९०० हा त्यांच्या नगरांचा भरभराटीचा काळ. आपल्याकडे वाकाटकांनी अजिंठ्याची लेणी रंगविली, पुढे चालुक्य आले, राष्ट्रकूट आले, तेव्हा तिकडे घनदाट अरण्यात टिकाल, कालाकमुल, नारांहो अशी नगरे उभी होती. एकच एक सम्राट नव्हता. प्रत्येक नगराचा आपला राजा, आपले देव आणि आपले शेजाऱ्याशी वैर. आणि या सर्वांची लिपी एक.

त्या लिपीत त्यांनी ग्रंथ लिहिले. झाडाच्या सालीचा कागद कुटून त्यावर चुन्याचा पांढरा हात देत, आणि घडीच्या पंख्यासारखी पुस्तके करीत. पुढे स्पॅनिश लोक आले. १२ जुलै १५६२ रोजी युकातान प्रांतातील मानी या गावी दिएगो दे लांदा नावाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या यांची होळी केली. या पुस्तकांत सैतानी गोष्टींवाचून दुसरे काही नाही, असे त्याचे मत होते. दमट हवेने आणि अशा होळ्यांनी मिळून काम इतके चोख केले की, आज साऱ्या जगात माया लोकांच्या चारच पोथ्या उरल्या आहेत. ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस येथे एकेक, आणि चौथी मेक्सिकोत. या चारही उत्तरकाळातल्या. भरभराटीच्या काळातले वाचता येण्याजोगे एकही पुस्तक हाती लागलेले नाही.

मग त्या काळच्या चित्रकारांची, लेखकांची करणी पाहावयाची कोठे? ती मडक्यांवर. कारण मडके आधीच भाजलेले असते. आग त्याचे वाकडे करू शकत नाही.

ही मडकी म्हणजे रांधपाची काळी बोळकी नव्हेत. राजवाड्यातील मेजवान्यांसाठी आणि मेलेल्याच्या उशापायथ्याशी ठेवण्यासाठी खास घडविलेले उंच, सरळ भिंतीचे पेले, वाडगे आणि पसरट थाळ्या. कुंभाराचे चाक माया लोकांना ठाऊक नव्हते. मातीच्या वळ्या एकावर एक रचून किंवा मातीचे पत्रे वळवून ते भांडे उभे करीत, हाताने सारखे करीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. चाकाशिवाय घडविलेल्या त्या पेल्यांची भिंत इतकी पातळ आणि सरळ असते की पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये. काचेचा मुलामा त्यांना माहीत नव्हता. रंग म्हणजेही मातीच. लोहमिश्रित माती पाण्यात कालवून पातळ लेप करावयाचा आणि त्याने चित्रे काढावयाची. लाल, नारिंगी, तपकिरी, काळा आणि सायीसारखा पिवळट पांढरा ही त्यांची रंगपेटी. शंख उभा चिरून त्याची दौत करीत. अशा दौती हातात घेतलेले लेखक चित्रांतही दिसतात. अवघड गोष्ट अशी की, कच्च्या लेपाचा रंग एक आणि भाजल्यावरचा रंग दुसरा. चित्रकाराला चित्र काढताना ते दिसत नाही. भट्टीतून निघाल्यावर काय दिसेल हे त्याने मनातच पाहावयाचे.

एक पेला पाहू. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात तो आहे, आणि इसवी सन ६७० ते ७५० च्या दरम्यानचा मानतात. सायीच्या रंगावर काळ्या-तपकिरी बारीक रेषांनी चित्र काढले आहे. रेषा अशी की, पोथी लिहिणाऱ्या हाताचीच ती असावी. पाताळातील एक म्हातारा देव आपल्या वाड्यात सिंहासनावर बसला आहे. डोक्यावर रुंद टोपी, भोवती पाच सुंदर स्त्रिया. एकीच्या मनगटात तो काकण बांधतो आहे. एका बाजूला मुखवटे घातलेले दोघे जण बांधलेल्या माणसाचा शिरच्छेद करीत आहेत, पण म्हाताऱ्याचे तिकडे लक्ष नाही. एक स्त्री उभी राहून एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून धार सोडते आहे. आणि सिंहासनाखाली एक ससा मांडी ठोकून बसला आहे. त्याच्या हातात कुंचला आहे आणि पुढे वाघासारख्या ठिपकेदार कातड्याच्या पुठ्ठ्याचे पुस्तक उघडे आहे. दरबारात चाललेले सारे तो लिहून घेतो आहे! दुसऱ्या एका पेल्यावर असाच एक ससा याच म्हाताऱ्या देवाची टोपी आणि वस्त्रे पळवून वर त्यालाच वेडेवाकडे बोलतो. माया लोकांच्या पाताळात भय होते, तशी थट्टाही होती.

ही चित्रे पुष्कळांनी पाहिली होती. त्यांच्याभोवती, विशेषतः पेल्याच्या काठाखाली, चित्रलिपीची एक ओळ फिरलेली असते, हेही सर्वांना दिसत होते. पण ती वाचण्याचा यत्न कोणी केला नाही. कारण मोठे विचित्र आहे. एरिक थॉम्प्सन हे इंग्रज पंडित त्या काळी माया विद्येतील शेवटचा शब्द मानले जात. त्यांनी सांगून टाकले होते की, भांड्यांवरची ही अक्षरे निव्वळ नक्षी आहे. ती रंगविणारे कारागीर निरक्षर होते, दिसायला बरी म्हणून त्यांनी चिन्हे उतरून काढली. झाले! एवढ्या मोठ्या माणसाने सांगितल्यावर मडक्यांकडे कोण पाहतो? दगडावरचे ते शास्त्र, मडक्यावरची ती कलाकुसर, अशी वाटणी झाली. थॉम्प्सनसाहेबांची विद्वत्ता खरी होती, कष्टही खरे होते. पण ज्याच्या हाताला माती लागली आहे त्याला अक्षर येत नसणार, हा समज त्या विद्वत्तेच्या आड आला. आपल्या देशातही हा समज नवा नाही.

ही समजूत मोडली मायकेल को या अमेरिकन अध्यापकाने. १९७१ साली न्यूयॉर्कच्या ग्रोलिअर क्लबात माया लेखनकलेचे एक प्रदर्शन भरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. निरनिराळ्या संग्रहांतले पेले त्यांनी एका ठिकाणी गोळा केले. पेले शेजारी शेजारी येताच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. काठाखालच्या ओळीत तीच चिन्हे त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत होती. कोठे एखादे चिन्ह गळलेले, कोठे जास्तीचे, पण क्रम कधी उलटत नसे. नक्षी काढणारा क्रम पाळीत नाही; क्रम भाषेला असतो. १९७३ साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडले. मात्र त्या ओळीचा अर्थ काय याविषयी त्यांचा तर्क असा होता की, पेले थडग्यांतले, चित्रे पाताळातली, तेव्हा मेलेल्याच्या प्रवासासाठी म्हणावयाचा हा काही मंत्र असावा.

पुढच्या पंधरा वर्षांत तो मंत्र उलगडला, आणि निघाले भलतेच. १९५२ साली युरी क्नोरोझोव या रशियन संशोधकाने दाखवून दिले होते की, माया लिपीत पुष्कळ चिन्हे आपल्या बाराखडीसारखी आहेत. 'का'ला एक चिन्ह, 'कू'ला दुसरे. या कामी त्याला किल्ली कोठून मिळाली असेल? पोथ्या जाळणाऱ्या लांदाकडून! त्याने युकातानची जी हकीकत लिहून ठेवली, तीत एका माया माणसाकडून विचारून घेतलेली काही चिन्हे आणि त्यांचे उच्चार टिपले होते. ते लिखाण १८६४ मध्ये छापले गेले. ज्याने पोथ्या जाळल्या, त्याच्याच टिपणाने पुढे लिपी वाचली गेली.

१९७९ साली पीटर मॅथ्यूज यांनी बेलीझमधील आल्टुन हा येथे सापडलेल्या काळ्या ज्वालामुखी काचेच्या कर्णभूषणावरील मजकूर वाचला. त्यात मंत्र नव्हता, देवाचे नाव नव्हते. 'हे अमक्याचे कर्णभूषण' एवढेच होते. त्याच धोरणाने डेव्हिड स्टुअर्ट, स्टीफन हाउस्टन, कार्ल टाउब इत्यादी तरुण मंडळी मडक्यांकडे वळली. थाळीवर निघाले 'त्याची थाळी'. पेल्यावर निघाले 'युकिब', म्हणजे 'त्याचा पिण्याचा पेला'. पूर्ण ओळीचा भावार्थ साधारण असा: हे भांडे सिद्ध झाले, यावर हे लेखन झाले, हा अमक्या राजाचा, अमक्या पेयासाठीचा पेला.

मराठी घरातल्या माणसाला यात परके असे काय आहे? आपल्या मांडणीवरचा कोणताही तांब्या, कोणतेही पातेले उचलून पाहावे. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले असते: अमक्यास अमक्याकडून, लग्नाप्रीत्यर्थ, आणि तारीख. नावे घालणारा हातोडी-खिळा घेऊन दारोदार येत असे. अहेराचे भांडे नावाशिवाय द्यावयाचे नाही, ही आपली रीत. मायांचे राजेही मेजवानीला आलेल्या मांडलिकाला, सोयऱ्याला असेच पेले भेट देत. फरक इतकाच की, आपल्या भांड्यावर देणारा आणि घेणारा असतो. त्यांच्या पेल्यावर भांड्याचा धनी असतो आणि भांड्यात काय प्यावयाचे तेही असते.

काय पीत असत? हे ठरले तो प्रसंग एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. १९८४ साली ग्वाटेमालातील रिओ आसुल या ठिकाणी चोरांच्या हातून सुटलेले पाचव्या शतकातले एक थडगे उघडले गेले. त्यात एक विलक्षण भांडे होते. वर उचलण्याचा कडीसारखा दांडा, आणि फिरवून घट्ट बसणारे झाकण. बाहेरून चितारलेल्या चिन्हांत डेव्हिड स्टुअर्ट यांना एक मासा दिसला. माशाचे चित्र 'का'. त्याच्यापुढे फणीसारखे दुसरे चिन्ह, तेही 'का'. लांदाने तेच टिपून ठेवले होते. शेवटी 'वा', आणि आपल्या मराठीत शेवटचा स्वर उच्चारात गळतो तसा येथेही गळावयाचा. वाचन झाले 'काकाव'. म्हणजे कोको, चॉकलेटचे बी! भांड्याच्या आत तळाशी वाळलेला थर होता. तो खरवडून हर्शी या चॉकलेट कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाठविला. रसायनशास्त्रज्ञांनी त्यात कोकोमधली दोन्ही द्रव्ये, थिओब्रोमीन आणि कॅफीन, दाखवून दिली. पंधराशे वर्षांपूर्वी कारागिराने बाहेर जे लिहिले तेच आत भरले होते. निरक्षर म्हणून ज्याला मोडीत काढले, त्याची साक्ष अशी खरी ठरली.

आता प्रिन्स्टनच्या पेल्यावरची ती धार सोडणारी स्त्री काय करते आहे तेही उमगते. आपण ताकाला फेस आणण्यासाठी रवी फिरवितो; ती उंचावरून धार सोडून चॉकलेटला फेस आणते आहे. ते पेय गोड नसे. कधी त्यात मिरची पडे, कधी मक्याची पिठी. कोकोच्या बिया पुढे नाण्यासारख्या चालत, तेव्हा पेलाभर चॉकलेट पिणे म्हणजे पैसेच पिणे!

हे पेले सर्वांना एकदम पाहता यावे म्हणून जस्टिन केर या छायाचित्रकाराने १९७० नंतरच्या दशकात एक कॅमेरा तयार केला. पेला फिरत्या तबकडीवर ठेवावयाचा, तो सावकाश फिरत असता आत फिल्म त्याच गतीने सरकावयाची, आणि गोल चित्र सरळ पट्टीसारखे उलगडून यावयाचे. ज्या मडक्याला जन्मताना कुंभाराचे चाक मिळाले नव्हते, त्याला हजार-बाराशे वर्षांनी असे चाकावर बसविले गेले. या चित्रांमुळे हात ओळखू येऊ लागले. हा अमक्या चित्रकाराचा, हा त्याच्या शिष्याचा, असे सांगता येऊ लागले.

आणि काही चित्रकारांनी तर आपली ओळखही लिहून ठेवली होती. पूर्वीच्या आपल्या शिल्पकारांप्रमाणे प्राचीन जगातले बहुतेक कलावंत अनामिक राहिले. पण नारांहोच्या दरबारातील एक चित्रकार पेल्यावर लिहितो की हे लेखन माझे, आणि पुढे आईबापांची नावेही देतो. आई याश्हा नगराची राजस्त्री, बाप नारांहोच्या गादीवर ७५५ साली बसलेला राजा. आह माशाम, म्हणजे माशामचा रहिवासी, या नावाने त्याला आज ओळखतात. म्हणजे ज्याला अक्षरशत्रू कारागीर ठरविले होते तो होता राजपुत्र! मी स्वतः लिहिणारा असल्यामुळे म्हणा, मला या एका सहीचे मोल कितीतरी शिलालेखांहून अधिक वाटते. राजाच्या पोटी जन्मून त्याने जगाला सांगितले काय, तर मी लेखणी धरतो हे.

याच नारांहोची आणखी एक गोष्ट. ६८२ साली दोस पिलास नगराची एक राजकन्या तेथे आली. उतरती कळा लागलेले ते घराणे तिने सावरले. ६८८ साली मुलगा झाला आणि ६९३ साली, वयाच्या अवघ्या पाचव्या वर्षी, तो गादीवर बसला. राज्य चालविले आईने. या बालराजाचे नाव काक तिलिव चान चाक. १९८८ साली शेजारच्या बेलीझमध्ये, नारांहोहून काही मैलांवरच्या बुएनाविस्ता येथे, एका थडग्यात नाचणाऱ्या मकादेवाचे लाल-नारिंगी चित्र असलेला एक सुंदर पेला मिळाला. काठाखालची ओळ वाचली: हा काक तिलिव चान चाकचा कोकोचा पेला. राजाचा पेला दुसऱ्या गावच्या सरदाराच्या थडग्यात कसा? दिलेला म्हणून. एका मातीच्या भांड्याने दोन दरबारांचे नाते सांगितले, जे कोणत्याही शिलालेखात नव्हते.

परंतु हे त्याने का सांगितले, हे लक्षात घेतले पाहिजे. पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी तो जेथल्या तेथे पाहिला, कोणाजवळ, कोठे, कशाबरोबर ठेवला होता हे टिपून घेतले, म्हणून. प्रिन्स्टनचा पेला त्याहून देखणा असेल, पण तो कोणाच्या उशाशी ठेवला होता याची नोंद नाही. जगातील संग्रहांत असलेल्या माया पेल्यांपैकी बहुसंख्य असेच पोरके आहेत. धनिकांना हौस आली, बाजारात किंमत चढली, आणि अरण्यातल्या गरीब माणसांनी दिवसाच्या मजुरीसाठी थडग्यांत भुयारे पाडली. रिओ आसुललाच कित्येक थडगी अशी रिकामी झाली होती. १९७० साली युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९९१ साली अमेरिकेने पेतेन अरण्यातील पुराणवस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले. तोवर पुष्कळ माल गेला होता. अणुभट्टीत मातीचा कण तपासून हा पेला कोणत्या मुलखातला हे आता काही अंशी सांगता येते. पण मुलूख कळला म्हणून घर कळत नाही.

लांदाने पोथ्या जाळल्या तेव्हा त्याला निदान आपण काय नष्ट करतो आहोत याची जाणीव होती. लोकांना फार दुःख झाले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. पेला उचलून त्याच्या भोवतीचे थडगे उधळणाऱ्याला तीही नसते. पेला शाबूत राहतो, काचेच्या कपाटात झळकतो, आणि पाहणाऱ्याला वाटते, सारे वाचले. वाचले ते निम्मे. प्रिन्स्टनच्या पेल्यावरचा तो ससा अजून सिंहासनाखाली बसून लिहितो आहे. त्याच्या पुस्तकात काय आहे ते चित्रकाराने आपल्याला दाखविले नाही, आणि तसली पुस्तके तर गेलीच. उरल्या आहेत त्या अरण्याच्या मातीखाली अजून हात न लागलेल्या थाळ्या आणि पेले. कोणाचा, कशासाठी, कोणी लिहिला, हे त्यांच्या काठाखाली लिहिलेलेच आहे. जेथल्या तेथे कोणी वाचील तर ती सगळे सांगतील.